जवारी आणि हप्ता

पत्र थोडक्यात:

पत्रलेखक 27 वर्षांचा आहे, मिरजेजवळच्या एका गावात राहतो. मेकॅनिकलचा डिप्लोमा करून गेली पाच वर्षं कुपवाडच्या एमआयडीसीत, यंत्रांचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात क्वालिटीला आहे. हातात साडेअठरा हजार पडतात. वडील एसटीत कंडक्टर होते, 2022 मध्ये निवृत्त झाले. मागच्या वर्षी त्यांना स्टेंट बसवावा लागला. घराच्या कर्जाचा हप्ता 6,900 रुपये, तो अजून चार वर्षं आहे. धाकटी बहीण बी.एड. करते. तीन वर्षांपूर्वी बहिणीची सतार दुरुस्त करून घ्यायला तो मिरजेत एका कारागिराकडे गेला आणि मग जातच राहिला. आज तो तंबोऱ्याची जवारी, म्हणजे तारांचा झणकार, स्वतः काढतो. चाचा, म्हणजे ते कारागीर, 71 वर्षांचे आहेत. एक मुलगा पुण्यात कंपनीत, दुसरा आखातात. चाचा म्हणाले, "माझ्याजवळ पूर्णवेळ बस, महिना आठ हजार देतो, दिवाळीपर्यंत सांग." वडील म्हणतात, "छंद म्हणून कर, पोटाला नोकरी पाहिजे." पत्रलेखक विचारतो: "खरी आवड असेल तर पैसा मागून येतोच ना? आता उडी मारली नाही तर जन्मभर दुसऱ्याच्या नगांची मापं घेत बसेन, असं वाटतं. काय करू?"

तू मला ताई म्हणालास, तेव्हा मीही अरे-तुरेच करते.

तुझं पत्र अकरा पानांचं आहे. पहिल्यांदा नुसतं वाचलं, दुसऱ्यांदा पेन्सिल घेऊन बसले. नऊ पानं चाचांच्या दुकानाबद्दल आहेत, एक घराबद्दल आणि एक नोकरीबद्दल. नोकरीच्या त्या एका पानावरही तू एक प्रसंग मोठ्या तब्येतीनं लिहिला आहेस. शंभर नगांच्या लॉटमधला एक बुश गेजवर जरा घट्ट जातोय हे तुझ्या हाताला आधी कळलं, मायक्रोमीटरनं ते नंतर खरं ठरवलं, आणि तू अख्खा लॉट थांबवलास. सुपरवायझर वैतागला, पण तू हटला नाहीस. ज्याला आपलं काम नकोसं झालंय तो असं लिहीत नाही.

म्हणून तुझ्या प्रश्नातली पहिली मांडणीच मला पटत नाही. कारखान्यात माझं शरीर असतं आणि चाचांकडे माझा जीव, असं तू म्हणतोस. पण घोडीवर, म्हणजे तारा जिच्यावर टेकतात त्या पट्टीवर, कानस चालवणारा तुझा हात कारखान्यातच तयार झालाय की! चाचांनी तुला सहा महिन्यांत कानस हातात दिली, इतरांना ती दोन-दोन वर्षं मिळत नाही, हे तूच लिहिलंस. हौस घेऊन येणारे त्यांनी आयुष्यभर पाहिले असतील. त्यांना तुझ्या बोटांना असलेली मापाची सवय दिसली असणार. नोकरीनं तुझं आयुष्य खाल्लं असं म्हणण्याआधी तिनं तुला काय दिलं तेही कुठेतरी मांडून बघ.

ज्यांनी कधी तंबोरा हाताळला नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. तंबोऱ्याच्या घोडीचा माथा सपाट दिसतो, पण तसा नसतो. त्याला डोळ्यांना सहज न दिसणारा उतार असतो. छेडलेली तार त्या उतारावर टेकत, घासत, सुटत राहते आणि एकाच स्वराभोवती वरचे कितीतरी स्वर उमटतात. तो झणकार म्हणजे जवारी. वाजवून वाजवून तारेचे चर पडले की आवाज मुका होतो, मग घोडी पुन्हा घासून घ्यावी लागते.

माझा तंबोरा मी गेली तीसेक वर्षं मिरजेलाच नेते. एकदा सबंध दुपार तिथं बसून राहिले. कारागिरानं तार सैल केली, कानशीचे दोन हात मारले, दोनच. बोटानं भुकटी पुसली, तार चढवली, छेडली, मान हलवली. पुन्हा सैल केली, पुन्हा दोन हात. तिसऱ्या तारेला असं नऊ वेळा झालं, मी मोजलं. मध्ये चहा आला, त्यावर साय धरली. मग त्यांनी तारेखाली सुती दोरा घातला आणि तो केसभर पुढं, केसभर मागं करत राहिले. एका जागी तार अशी बोलली की रस्त्यावर उभा असलेला रिक्षावाला आत डोकावला.

तुझी नऊ पानं वाचताना मला तीच दुपार आठवत होती, पण तिची दुसरी बाजूही. त्याच खोलीत, मागच्या भिंतीशी, एक पोरगा तंबोऱ्याचं पार्सल बांधत होता. प्लायवूडची पेटी, आत पेंढा, भोपळ्याभोवती जुनी गोधडी. पेटीचं झाकण बसेना म्हणून त्यानं सगळं काढून पुन्हा भरलं. तेवढ्यात फोन आला. आधी पाठवलेल्या एका वाद्याचा भोपळा वाटेत तडकला होता आणि गिऱ्हाईक राहिलेले पैसे द्यायला तयार नव्हतं. कानस बाजूला ठेवून कारागीर पाऊण तास फोनवर बोलत होते. समजावत होते, नवा भोपळा बसवून देतो म्हणत होते, वाहतुकीचा खर्च कोणी सोसायचा त्यावर घासाघीस करत होते. त्या पाऊण तासात एकही तार छेडली गेली नाही.

तुझ्या नऊ पानांत पार्सल एकदाही आलेलं नाही. उधारी नाही. पंढरपूर-मंगळवेढ्याकडून भोपळे आणायला जाणं नाही, त्यातले किती आतून किडके निघतात ते नाही. पावसाळ्यात पॉलिश वाळत नाही आणि कामं अडून राहतात, तेही नाही. तू लपवलंस असं मला म्हणायचं नाही. संध्याकाळी चार तास जाणाऱ्याच्या वाट्याला ते येतच नाही, ते सगळं चाचा दिवसा उरकून ठेवतात. तुझ्या वाट्याला दुकानाची साय आलेली आहे. तेव्हा तुझी आवड नेमकी कशाची आहे? जवारी काढण्याची, तंबोरा घडवण्याची, की तंबोऱ्याचं दुकान चालवण्याची? ही तीन वेगवेगळी कामं आहेत आणि तिन्हीतून मिळणारा पैसाही वेगळा आहे. पूर्णवेळ बसलास की तिन्ही गळ्यात पडणार.

आपल्याच जिल्ह्यातली एक गोष्ट आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांना चित्रकार व्हायचं होतं. 1885 मध्ये ते मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये गेले. रंग ओळखण्यात त्यांच्या डोळ्यांत दोष निघाला आणि चित्रकला सुटली. पण रेषा सुटली नाही. ते यांत्रिक ड्रॉइंगकडे वळले, ते शिकवू लागले, बेळगावात सायकलींचं दुकान काढलं, पुढं नांगर केले आणि 1910 मध्ये कुंडलच्या माळावर किर्लोस्करवाडी उभी राहिली. चित्रकला गेली म्हणून त्यांनी सगळंच टाकून दिलं असतं तर कोणी दोष दिला नसता. पण आवडीतला कोणता धागा आपल्या हातात टिकण्यासारखा आहे, हे त्यांना सापडलं. तुझा धागा मला जवारी वाटते, दुकान नव्हे. अर्थात मी चुकत असेन, आणि ते तुलाच तपासून बघायचं आहे.

आता तुझ्या त्या वाक्याकडे येते. खरी आवड असेल तर पैसा मागून येतोच. मला या वाक्याचा मनापासून राग येतो. कारण त्याचा उलटा अर्थ असा निघतो की ज्याला पैसा मिळाला नाही त्याची आवड खोटी होती. चाचांची दोन्ही मुलं त्या झणकारात लहानाची मोठी झाली. त्यांना त्याचं प्रेम नव्हतं असं तुला वाटतं का? एका ऑर्डरीपासून दुसऱ्या ऑर्डरीपर्यंतचे महिने त्यांनी घरात बसून पाहिले असतील. आज रियाजाला बसणाऱ्या कितीतरी जणांच्या मांडीशेजारी मोबाइलमधला तानपुरा असतो. 2024 मध्ये मिरजेच्या सतारीला आणि तानपुऱ्याला भौगोलिक मानांकन मिळालं, आपल्या सगळ्यांना अभिमान वाटला, वाटायलाच हवा. पण मानांकनानं नाव राखलं जातं, पुढच्या महिन्याची ऑर्डर काही त्यासोबत येत नाही.

आणि ज्या कलेवर तुझा जीव जडलाय तिचा मिरजेतला उगम कसा सांगतात ते आठव. फरीदसाहेब शिकलगार. शिकलगार म्हणजे हत्यारांना धार लावणारे, ती लखलखीत ठेवणारे. इंग्रजांचा अंमल बसला, तलवारी म्यानातच राहू लागल्या, धार लावायचं काम आटलं. मग एकोणिसाव्या शतकात या घराण्यानं आपला हात वाद्यांच्या दुरुस्तीकडे वळवला, दुरुस्तीतून वाद्यं घडवणं आलं, आणि पुढं सतारमेकर हेच आडनाव होऊन बसलं. ही कला मिरजेत पोटाचा प्रश्न पडला म्हणून आली. आली ती टिकली, कारण गिऱ्हाईक दारात होतं. संस्थानिकांना गाण्याची आवड होती, गवयांची ये-जा होती. किराणा घराण्याचे गायक अब्दुल करीम खाँसाहेब तर मिरजेलाच राहिले. 1937 मध्ये ते गेले, पण मीरासाहेबांच्या दर्ग्याच्या उरुसात त्यांच्या नावाची संगीतसभा आजही भरते. शिकलगारांनी पोटाचा विचार केला म्हणून त्यांच्या तंबोऱ्याचा सूर कमअस्सल झाला नाही. मग तू खर्चाचा हिशेब मांडलास तर तुझी आवड कशी काय कमी ठरते?

वडिलांबद्दल तू लिहिलेलं एक पान मला सगळ्यात अवघड गेलं. "बाबांना कलेतलं काही कळत नाही." असेल तसं. पण 2021 च्या दिवाळीत सुरू झालेला एसटीचा संप एप्रिल 2022 पर्यंत चालला, आणि ते 2022 मध्येच निवृत्त झाले. म्हणजे नोकरीचा शेवट त्या दिवसांत गेला. ते संपात होते की नव्हते हे तू लिहिलेलं नाहीस, पण बिनपगारी महिना कसा असतो हे त्यांनी एकतर घरात पाहिलंय किंवा शेजारच्या सोबत्याच्या घरात. ते "सोडून दे" म्हणालेले नाहीत. "छंद म्हणून कर" म्हणाले. तीन वर्षं कितीदा तरी तू चाचांकडून रात्री दहाला घरी येतोस आणि दार उघडायला तेच जागे असतात, हेही तुझ्याच पत्रात आहे. त्यांचा विरोध तंबोऱ्याला नसावा, हप्ता चुकण्याला असावा. तुम्ही दोघं आजवर तंबोऱ्यावर भांडलात, हप्त्यावर एकदाही बोलला नाहीत, असं मला तुझं पत्र वाचून वाटलं.

तर हप्त्यावर बोलू या. आकडे तुझेच आहेत. साडेअठरा हजारांतले 6,900 बँकेत जातात, आठ हजार तू घरात देतोस. म्हणजे 14,900 रुपये हे तुझ्या जबाबदारीचं माप. पेट्रोल, फोन, बहिणीची पुस्तकं वेगळी. चाचांचे आठ हजार घेतलेस तर हप्ता गेल्यावर उरतात अकराशे. बाहेरच्या जवाऱ्या तू महिन्याला तीन-चार करतोस, एकीचे बाराशे घेतोस, म्हणजे चारेक हजार. बेरीज बारा हजार. तीन हजारांची तूट, त्यात पेट्रोल धरलेलं नाही. ही तूट भरून निघण्यासारखी आहे, म्हणून मी तुला हा नाद सोड असं सांगत नाही. पण आज ती भरलेली नाही.

आणखी एक गोष्ट तुझ्या पत्रात नाही, तुझ्यासारख्या बहुतेकांच्या पत्रात ती नसते. तुझा पगार 21 हजारांच्या आतला आहे, म्हणजे तू ईएसआयमध्ये, कामगारांच्या सरकारी विमा योजनेत, असणार. तुझ्या पगारातून पाऊण टक्का कापला जातो, मालक सव्वातीन टक्के भरतो, आणि तेवढ्यावर तुझ्यासकट अवलंबून असलेल्या आई-वडिलांनाही उपचार मिळू शकतात. वडिलांचा स्टेंट, त्यानंतरच्या रोजच्या गोळ्या, तपासण्या, हे कशातून चाललंय ते आजच बघ. नोकरी सुटली की पगार जातो आणि आज ना उद्या तेही जातं. महात्मा फुले जनआरोग्य योजना आहे, तिचा मोठा आधार आहे, पण ती रुग्णालयात दाखल होऊन घ्यायच्या ठरावीक उपचारांसाठी आहे, वर्षानुवर्षं लागणाऱ्या महिन्याच्या गोळ्यांसाठी नाही. स्टेंट बसलेल्या माणसाला नवा खासगी विमा घ्यायचा तर हप्ता जास्त पडतो आणि आधीच्या आजाराला काही काळ थांबावं लागतं. राजीनाम्याचा कागद लिहिण्याआधी या प्रश्नाचं उत्तर हातात पाहिजे.

एवढं वाचून तुला वाटेल, ताईही बाबांसारखंच बोलतात. नाही. चाचा 71 वर्षांचे आहेत, आणि या पत्रात मला खरी घाई दिसते ती इथं. पाच वर्षांचा अनुभव असलेल्या, गेज-मायक्रोमीटरवर हात बसलेल्या पोराला कुपवाडला, मिरजेला, पलूसला नोकरी पुन्हा मिळू शकते. चाचांचा कान पुन्हा मिळायचा नाही. पण ही घाई शिकण्याची आहे, नोकरी सोडण्याची नव्हे. तू दोन्ही एकच धरून चाललास म्हणून दिवाळी तुझ्या छातीवर येऊन बसली.

तेव्हा आहे तसंच चालू ठेवणं मला मान्य नाही आणि दिवाळीला राजीनामा देणंही नाही.

तुझी पाळी दर आठवड्याला फिरते. पहिल्या पाळीच्या आठवड्यात साडेतीनला सुटलास की संध्याकाळ तुझी. दुसऱ्या पाळीत सकाळचे दोन-तीन तास, तेही चाचांनी दुकान उघडल्यावर. रात्रपाळीत तर तू झोपेनं अर्धमेला. म्हणजे तीन वर्षं शिकलो म्हणतोस त्यात भरपूर शिकणं झालं असं एखादंच वर्ष असेल. कारखान्यात जा आणि कायमची पहिली पाळी माग. रात्रपाळीच्या भत्त्यासाठी पाळी बदलून घेणारी माणसं प्रत्येक कारखान्यात असतात, त्यांच्याशी आधी बोल, मग अर्ज कर. नुसत्या या बदलानं तुझे शिकायचे तास दुपटीच्या वर जातील. चाचांना सांग, आठ हजार नकोत, पण रोज चार ते आठ आणि रविवार मी तुमचा. एवढ्यावर ते नाही म्हणतील असं मला वाटत नाही. आणि कारखान्यानं नकार दिला तर वसाहतीत एकच पाळी चालणारी छोटी वर्कशॉप्स आहेत, हजार-दोन हजार कमी घेऊन तिथं जाणं परवडेल.

हे पुढचा पावसाळा संपेपर्यंत कर. सबंध वर्ष, त्यातले ओले महिने धरून. हिवाळ्यात मैफली असतात, वाद्यं दुरुस्तीला निघतात, तेव्हा कोणालाही वाटतं की हा धंदा चालतो. श्रावण-भाद्रपदात काय होतं ते वहीत दिसायला हवं. वही ठेवच. किती जवाऱ्या, कोणाच्या, पैसे कधी आले, किती परत आल्या. त्या वर्षात एक तंबोरा सुरुवातीपासून शेवटपर्यंत तू कर: भोपळा निवडण्यापासून तबली, दांडी, खुंट्या, पॉलिश, पेटी, पोचवणं आणि पैसे वसूल करणं, सगळं. पार्सल बांधलेल्या रात्रीसुद्धा तुला दुसऱ्या दिवशी दुकानात जावंसं वाटलं, तर तुझ्या आवडीबद्दल मला काही विचारायचं राहणार नाही.

बाहेरच्या जवाऱ्यांचा प्रत्येक रुपया वेगळ्या खात्यात टाक. त्या जवाऱ्या तू चाचांना सांगून करतोस ना? नसशील तर आधी ते कर. त्यांचं गिऱ्हाईक त्यांचं. तुझं गिऱ्हाईक म्हणजे सांगली, इचलकरंजी, कोल्हापूरचे गाण्याचे क्लास. तिथल्या शिक्षकांकडे चार-चार तंबोरे मुके होऊन कोपऱ्यात उभे असतात आणि मिरजेला आणणं त्यांच्याच्यानं होत नाही. रविवारी कानस, दोरा, तारा घेऊन तू त्यांच्याकडे जा. हा मला तुझा सगळ्यात भरवशाचा रस्ता वाटतो, कारण मोबाइलनं नव्या तंबोऱ्याची विक्री खाल्ली तरी जुन्या तंबोऱ्याची घोडी झिजायची थांबत नाही.

सहा महिन्यांचा हप्ता आणि सहा महिन्यांचं घरखर्चाचं देणं मिळून साधारण नव्वद हजार होतात. एवढी रक्कम त्या खात्यात जमली, बाहेरच्या कामाची वर्षभराची सरासरी महिना नऊ हजारांवर गेली, आणि वडिलांच्या औषधांची सोय लागली, की राजीनामा दे. तेव्हा मला विचारायलाही येऊ नकोस. पीएफला मात्र हात लावू नकोस, तो तसाच राहू दे. उद्यम नोंदणी, म्हणजे लहान उद्योगांची सरकारी नोंदणी, फुकट होते, ती करून ठेव. सांगलीच्या जिल्हा उद्योग केंद्रात मुख्यमंत्री रोजगार निर्मिती कार्यक्रमाची चौकशी कर, त्यात 15 ते 35 टक्के अनुदान असतं. पण अनुदान मिळतंय म्हणून कर्ज काढायची वेळ अजून आलेली नाही. घराचंच कर्ज अजून फिटायचं आहे.

चाचांशी एकदा नीट बसून बोलायला हवं, आणि ते तू टाळतोयस. पत्रात एका ठिकाणी "पुढं-मागं दुकान मीच बघेन" असं लिहून तू लगेच दुसऱ्या विषयावर गेलास. दुकान कोणाचं? भाड्याची जागा, हत्यारं, गिऱ्हाइकांच्या नावांची वही, आणि घराण्याचं नाव, ज्याच्यावर विश्वास ठेवून लोक पैसे पाठवतात? आज चाचांचा शब्द आहे, उद्या निर्णय मुलांचा असेल, आणि तो त्यांचा हक्कच आहे. मुलं सुट्टीला येतील तेव्हा सगळ्यांसमोर विचार. काय ठरेल ते साध्या कागदावर लिहून ठेवा. चाचांना वाईट वाटेल असं तुला वाटतं. मला वाटतं त्यांना बरं वाटेल, कारण हा पोरगा खरंच राहणार आहे हे त्यांना त्यातून कळेल. मानांकनाचंही विचार. ते नाव आपल्या वाद्यावर लावायचं तर अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंदणी लागते, ती 10 वर्षांसाठी असते. तू घराण्याबाहेरचा आहेस, त्यामुळे तुझ्या कामाला तुझ्या स्वतःच्या नावानं उभं राहता येईल का, हा प्रश्न तुझ्यासाठी जास्त महत्त्वाचा आहे.

गेल्या दोन महिन्यांत याच धाटणीची आणखी पत्रं आली आहेत. तासगावची एक मुलगी केक करते आणि बँकेच्या परीक्षाही देते. साताऱ्याची एक जण करसल्लागाराकडे हिशेब लिहिते, तिला बालनाट्याचे वर्ग घ्यायचे आहेत. त्यांना हे सगळंच्या सगळं लागू नाही, त्यांच्याकडे 71 वर्षांचे चाचा नाहीत, म्हणून त्यांना घाईही नाही. पण त्यांनी एवढं करावं. मैत्रिणी आणि नातेवाईक सोडून जी माणसं पैसे देतात, त्यांचीच नावं वहीत लिहावीत. मावशीनं घेतलेला केक हिशेबात धरू नये. आणि आवडत्या कामातला सगळ्यात कंटाळवाणा भाग, पत्र लिहिताना जो सुचतसुद्धा नाही तो, आधी महिनाभर करून पाहावा. केकवालीनं महिनाभर भर उन्हात डबे पोचवावेत. नाटकवालीनं वीस पालकांकडे फी मागून पाहावी. साताऱ्याच्या बाईंना एक वेगळं सांगायचं आहे. हिशेब लिहिता येणं ही तुमची जमेची बाजू आहे, वर्ग सुरू झाले की तीच तुम्हाला तारेल. आणि ज्यांना घरचा हप्ता नाही, आजारी माणूस नाही, वय बावीस-तेवीस आहे, त्यांनी माझं ऐकून सावध होऊ नये. त्यांनी दोन वर्षं खुशाल द्यावीत.

तू मात्र येत्या रविवारी वडिलांना घेऊन मिरजेला जा. त्यांना चाचांजवळ बसव, चहा सांग, आणि त्यांच्यासमोर एक जवारी काढ. सुरुवातीपासून, मुक्या तारेपासून. काही समजावून सांगू नकोस. तीस वर्षं गाडीचा आवाज ऐकून कुठं काय बिघडलंय ते ओळखणाऱ्या माणसाला तार कधी उघडली हे कळेल. घरी आल्यावर वही काढ, हप्त्याचं पान उघड आणि हा सगळा आकड्यांचा भाग त्यांना दाखव. स्टेंटच्या गोळ्यांचा खर्च त्यांनाच विचार, तो त्यांना तुझ्यापेक्षा नीट माहीत असेल.

पाळीचं काय झालं ते दिवाळीनंतर कळव. माझ्या तंबोऱ्याचा खर्ज या पावसापासून बसलाय, तिसरी तारही नुसतीच वाजते. मी तो अजून मिरजेला पाठवलेला नाही. तुझ्या वहीत माझं नाव लिहून ठेव, आणि चाचांची परवानगी घेऊन एखाद्या रविवारी सांगलीला ये. बाराशे रुपये काढून ठेवलेत.